दिवा कोणी धरला?

दलित आत्मकथनांवर आजवर पुष्कळ लिहिले गेले. त्यांतील भूक मोजली गेली, त्यांतील बोलीवर चर्चासत्रे झाली, त्यांतील शिव्यांनी कोणाच्या अभिरुचीला किती ओरखडे पडले याचाही हिशेब मांडून झाला. पण या पुस्तकांत एक प्रसंग पुन्हा पुन्हा येतो आणि त्याच्याकडे समीक्षेने जवळजवळ पाठच फिरवली आहे. शाळा सुटते आणि मूल घरी येते. हे घर म्हणजे चाळीतली एक खोली, नाही तर पाल, नाही तर गावकुसाबाहेरची झोपडी. त्या घरात ज्यांना अक्षरओळख नाही अशी माणसे त्या मुलाच्या अभ्यासाचे काय करतात? माझा प्रश्न एवढाच आहे. तो मला वाङ्मयाचा वाटतो, कारण आमचे गद्य या प्रश्नाच्या पोटातून जन्माला आले आहे.

दुसऱ्या बाजूला मराठीत पालकांना उपदेश करणारे लेखन उदंड आहे. मुलाला अभ्यासासाठी स्वतंत्र कोपरा द्या. घरात शांतता राखा. झोपताना गोष्ट वाचून दाखवा. हाताशी शब्दकोश असू द्या. या सूचनांत वाईट काहीच नाही. पण त्या वाचताना मला नेहमी वाटते की, सूचना करणाऱ्याने घर गृहीत धरले आहे. कोपरा द्यायचा तर आधी चार भिंतींत एक कोपरा मोकळा असावा लागतो. गोष्ट वाचून दाखवायची तर आईला वाचता यावे लागते, आणि त्या वेळी ती दुसऱ्याच्या घरची भांडी घासत नसावी लागते. पांढरपेशा घराचे वर्णन करायचे आणि त्यालाच 'चांगले पालकत्व' हे नाव द्यायचे, ही या लेखनाची रीत आहे. त्यामुळे ज्यांच्याकडे ते घर नाही ते आपोआप वाईट पालक ठरतात.

हिंदमाताच्या मागे, तळमजल्यावरच्या एका खोलीत मी वाढलो. हा भाग बशीसारखा खोलगट आहे. परळ, दादर, नायगावचे पाणी उतरून इथे येते. हल्ली जमिनीखाली टाक्या बांधून त्यात हे पाणी साठवण्याची सोय झाली आहे. माझ्या लहानपणी ते सरळ आमच्या उंबऱ्यावरून आत यायचे. शाळा जूनमध्ये सुरू होते आणि पाणीही जूनमध्येच येते. नवी पुस्तके आणि पहिले पाणी यांची गाठ आमच्या घरात ठरलेली असे. 'पुस्तके मुलाच्या हाताशी ठेवा' असे कोणी लिहिले की मला आमचा माळा आठवतो. आमची पुस्तके हाताशी नसत, ती माळ्यावर असत. म्हणून ती शाबूत राहत.

याच परिसरात, चालत जाण्याच्या अंतरावर, या विषयातले सर्वांत मोठे उदाहरण घडले. सुभेदार रामजी सकपाळ कुटुंब घेऊन मुंबईला आले ते परळच्या डबक चाळीत राहिले. एकच खोली. तिच्यात चूल, सरपण, जाते आणि बांधलेली शेळीसुद्धा. रामजींनी या खोलीचा एक वेगळाच उपयोग शोधून काढला. जागा वाढवता येत नव्हती, म्हणून त्यांनी वेळ वाटून घेतली. भीमाला संध्याकाळी लवकर निजवायचे, आपण जागे राहायचे, रात्री दोनला त्याला उठवायचे आणि मग स्वतः आडवे व्हायचे. पहाटेपर्यंत मुलगा दिव्याच्या उजेडात वाचत बसे. चाळ निजलेली असते तेवढाच वेळ शांततेचा. तो वेळ मुलाला मिळावा म्हणून बापाने आपली अर्धी रात्र दिली. पुस्तकांसाठी पैसे नसले की ते लग्न झालेल्या लेकींकडे जात. पैसे नसतील तर त्या अंगावरचा दागिना काढून देत, तो गहाण पडे, आणि पेन्शन आली की सोडवला जाई. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले.

खैरमोडे आणि कीर यांच्या चरित्रांमुळे ही हकीकत घरोघर पोचली. आमच्या वस्तीत ती पाठ नसलेला माणूस मिळणार नाही. पण ती आपण कशी सांगतो? बापाची जिद्द म्हणून सांगतो. 'रामजीबाबांनी केले, तुम्हांला का जमत नाही?' असा दम प्रत्येक जयंतीच्या सभेत एखादा वक्ता देतोच. मला या सांगण्याबद्दल दोन हरकती आहेत.

पहिली हरकत अशी. रामजी शिकलेले होते. ते लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. मुलाकडून हॉवर्डची इंग्रजी वाचने आणि तर्खडकरांची भाषांतरमाला करवून घेण्याइतके इंग्रजी त्यांना येत होते. हे त्यांना कुठून मिळाले? कंपनी सरकारच्या लष्करात शिपायांना आणि त्यांच्या मुलाबाळांना शिक्षणाची सक्ती होती म्हणून मिळाले. म्हणजे घरातल्या दिव्याच्या मागे एक सार्वजनिक शाळा उभी होती. १८९२ च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद झाली आणि तो दरवाजा मिटला. ज्या बापांना ती शाळा लाभली नाही, त्यांची जिद्द कमी होती असे म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे हेच मांडले होते. गरिबाचे पोर शाळेत येत नाही, कारण ते गुरांमागे आणि शेतात लागते. म्हणून शाळा सक्तीची करा आणि शिष्यवृत्त्याही द्या. आईबापांना उपदेश करून जोतीराव थांबले नाहीत. त्यांनी सरकारकडे हात दाखवला.

दुसरी हरकत दागिन्यांची. त्या दागिन्यांचा धनी आपल्या सांगण्यात रामजी होतात. पण ते होते लेकींचे. भावाच्या पुस्तकासाठी ज्या बाईने गळ्यातले काढून दिले, तिला पुस्तक कोणी घेऊन दिले होते? हा प्रश्न मी रामजींना विचारत नाही. त्यांचा काळ वेगळा होता. तो मी तुम्हांआम्हांला विचारतो आहे, कारण आपण इतकी वर्षे ही हकीकत सांगत आहोत आणि त्या दागिन्यापाशी एकदाही थांबलेलो नाही.

आता आत्मकथनांकडे येऊ. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'त (१९८०) बिऱ्हाड गाढवांच्या पाठीवर आहे. मुक्काम हलला की शाळा तुटते. तरी बाप पोराला पुन्हा पुन्हा शाळेत नेऊन बसवतो. लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'त (१९८७) वस्तीत पोरे आजारी पडतात आणि त्याचे खापर शाळेत जाणाऱ्या पोरावर फोडले जाते. वस्ती विरुद्ध उभी राहते. तिथे बाप मागे हटत नाही. या दोन बापांनी मुलाचा 'अभ्यास घेतला' का? पालकमार्गदर्शनाच्या पुस्तकातला एकही नियम त्यांना माहीत नव्हता. त्यांनी एकच काम केले. मूल आणि जमात यांच्यामध्ये ते उभे राहिले. त्या अवस्थेत यापेक्षा मोठी मदत कोणती होती, हे मला कोणी सांगावे.

बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये (१९८६) हीच गोष्ट बायकांच्या अंगाने येते. जेजुरीला बाबासाहेबांचे भाषण होते. देवाच्या पायी पैसा आणि जीव घालवू नका, पोरांना शाळेत घाला, हा त्याचा आशय. तो ऐकून बाया घरी येतात आणि पोरांना शाळेत घालतात. खंडोबाला जे वाहायचे ते पोराच्या पाटीला जाते. घरातल्या शिक्षणाची सुरुवात घराच्या अंदाजपत्रकातून होते, हे या पुस्तकाइतके स्वच्छ मी कुठे वाचलेले नाही. आणि लक्षात घ्या, हे लिहिणारी बाई स्वतः लपूनछपून लिहीत होती.

'आयदान'मध्ये (२००३) ऊर्मिला पवारांची आई बांबूची आयदाने विणते. शिक्षक असलेला नवरा लवकर गेलेला. तिच्याजवळ मुलांना शिकवण्याजोगे अक्षर नाही. आहे ती विणण्याची मिळकत, आणि मुलांची शाळा बंद पडता कामा नये ही नवऱ्याने मागे ठेवलेली अट. नरेंद्र जाधवांचे 'आमचा बाप आन् आम्ही' (१९९३) तर आमच्या शेजारचेच, वडाळ्याचे. पोर्ट ट्रस्टमध्ये राबणारा बाप, जेमतेम अक्षरओळखीचा. मुलाने काय व्हावे हे तो ठरवत नाही. जे होशील त्यात सगळ्यांत वर जा, एवढेच मागतो. या पुस्तकाची एक गोष्ट मला इतर यशोगाथांपेक्षा मोलाची वाटते. निवृत्तीनंतर मुलाने बापाला लिहायला बसवले. घरातले शिक्षण उलट दिशेनेही वाहू शकते, हे तिथे दिसते.

एवढा साहित्याचा ऐवज आमच्याजवळ आहे. निरक्षर घर मुलाला काय देऊ शकते, याचे शास्त्र लिहायचे तर त्याची साधने या पुस्तकांत आहेत. प्रस्थापित समीक्षेने ती वेदनेचे दस्तऐवज म्हणून वाचली आणि हळहळून बाजूला ठेवली. पण हा दोष एकट्या प्रस्थापितांचा नाही. आमच्याही लेखनात एक खोट आहे आणि ती मी माझ्यापासूनच सांगतो.

आत्मकथन लिहितो तो पास झालेला माणूस. नापास झालेल्याचे, चौथीतून काढलेल्याचे आत्मकथन नसते. म्हणून आमच्या पुस्तकांत दिव्याखाली बसलेला दिसतो, दिवा धरणारा दिसत नाही. आणि दिसलाच तर तो बाप असतो. काही वर्षांपूर्वी मी माझ्या बापावर एक लेख लिहिला. बाप गिरणीत थ्रॉसल खात्यात होता. साचेखात्यात मजुरी जास्त, पण तिथे अस्पृश्यांना शिरू देत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आमच्या थुंकीने तो बाटेल, हे त्याचे कारण. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला, तरी पिढी उलटली तेव्हाही आमच्यातले बरेच जण थ्रॉसलमध्येच राहिलेले होते. बाप रातपाळी करून यायचा, दिवसा झोपायचा, आणि त्याची झोप मोडू नये म्हणून मी गॅलरीत वाचायचो. हे सगळे मी त्या लेखात लिहिले. पुढे १८ जानेवारी १९८२ चा संप, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर, आणि त्यातून मोडलेली आमच्यासारखी कितीतरी घरे; तेही लिहिले. लेख लोकांना आवडला.

माझ्या थोरल्या बहिणीने तो वाचला. वाचून ती म्हणाली, "समदं बराबर लिवलंयस. माळ्यावर पुस्तकं कोण चढवायचं, तेवढं राहिलं."

आक्काला चौथीत शाळेतून काढले. आई कामाला जायची, पहाटे नळावर नंबर लावायला माणूस हवे होते, आणि मी शिकणार हे घरात ठरलेले होते. पाणी आले की पुस्तके माळ्यावर ती चढवायची. भिजलेली पाने स्टोव्हजवळ धरून एकेक सुटी करायची. मी धडे पाठ म्हणायचो तेव्हा पुस्तक तिच्या हातात असायचे. ती ओळीखालून बोट फिरवायची आणि माझा शब्द गळला की "थांब" म्हणायची. पुढचा शब्द ती सांगत नसे. तो मी आठवायचा. असे तिने पाचवीपासून दहावीपर्यंत सगळे विषय माझ्याकडून ऐकले. आज मला समजते की माझी दहावी तिने माझ्याबरोबर वाचली होती. परीक्षेला मात्र मी एकटा बसलो.

हे मी हळवे होऊन सांगत नाही. यातून समीक्षेचा एक मुद्दा निघतो. आमच्या आत्मकथनांतील 'मी' हा एकट्याचा नाही, तो घरातल्या दोन-तीन न शिकलेल्यांच्या शिक्षणातून कापून काढलेला आहे. 'शिका' हा आदेश सगळ्या घराला होता. घराने तो एका मुलाच्या नावे लिहून दिला आणि तो मुलगा बहुधा मुलगाच होता. ज्या आत्मकथनात या कापाकापीचा हिशेब नाही ते कितीही जळजळीत असो, अपुरे आहे. माझा तो लेखही अपुरा होता.

आता थोडे आजचे. २०२० मध्ये टाळेबंदी आली, शाळा मिटल्या आणि शाळा घरी आली. जून २०२१ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने घरच्या शिक्षणात पालकांनी कसा भाग घ्यावा याची मार्गदर्शिका काढली. कमी शिकलेल्या किंवा निरक्षर पालकांचा वेगळा विचार तिच्यात आहे, ही गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. पण एका खोलीत एक मोबाईल आणि तीन मुले असतील तर कोणाचा वर्ग भरतो? या प्रश्नाचे उत्तर मार्गदर्शिका देऊ शकत नाही. ते घर देते, आणि घराचे उत्तर माझ्या आक्काच्या वेळी होते तेच असण्याचा धोका असतो.

कायद्याचाही प्रवास पाहण्यासारखा आहे. संविधानाच्या मूळ कलम ४५ ने राज्याला दहा वर्षांची मुदत घातली होती. तेवढ्या अवधीत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्याने करायचा होता. ती मुदत १९६० मध्ये संपली. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयोगटाला शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. हे मोठेच पाऊल. पण त्याच दुरुस्तीने कलम ५१ क मध्ये आणखी एक कर्तव्य घातले. मुलाला शिक्षणाची संधी देणे हे आईबापांचे कर्तव्य. सरकारची मुदत टळली तेव्हा कोणाला शिक्षा झाली नाही. पालकांचे कर्तव्य मात्र आता प्रत्येक भाषणात ऐकू येते. कर्तव्य आम्ही नाकारीत नाही. ते आमच्या आयाबहिणींनी कलम येण्याच्या कितीतरी आधी पार पाडले आहे. आमचे म्हणणे इतकेच की घरावर भार टाकण्यापूर्वी घराला भिंती, नळ आणि मजुरी द्या.

आणि आपल्यातले जे शिकून वर आले, ज्यांना आता दोन खोल्या मिळाल्या, त्यांच्याविषयीही बोलले पाहिजे. तिथे अभ्यासाचे टेबल आले, शिकवणी आली, गुणांचा तक्ता भिंतीवर आला. आपण ज्या उपदेशाने अपमानित झालो तोच आता आपल्या मोलकरणीला ऐकवतो. 'पोरांकडे लक्ष द्या हो, नाही तर तुमच्यासारखीच राहतील.' हे वाक्य मी आपल्याच एका शिकलेल्या घरात ऐकले आहे आणि मी गप्प बसलो आहे.

मग घराने करावे काय? या पुस्तकांतून मला जे सापडले ते थोडक्यात मांडतो. जागा नसेल तर वेळ वाटून घ्यावी, रामजींनी वाटली तशी. पण रोज एकाच माणसाच्या झोपेतून ती काढू नये. आपल्याला वाचता येत नसेल तर मुलाला मोठ्याने वाचायला सांगावे आणि ऐकावे. निरक्षर ऐकणाराही मूल कुठे अडले ते ओळखतो. चाळीत आलेली पत्रे, नोटिसा, रेशनचा कागद मुलाकडून वाचून घ्यावा. आपले अक्षर कोणाच्या तरी उपयोगी पडते हे मुलाला कळले पाहिजे. शाळेत त्याचा अपमान झाला असे ते सांगत असेल तर आधी त्याच्यावर विश्वास ठेवावा आणि मग शाळेत जाऊन विचारावे. घरच्या बोलीची लाज त्याच्या मनात घालू नये. आणि पाणी भरणे, भांडी घासणे, धाकट्याला सांभाळणे ही कामे मुलगा-मुलगी दोघांत सारखी वाटावीत. यातल्या कशालाही पैसा लागत नाही, आणि तरी शेवटचे काम सगळ्यांत अवघड आहे.

जे एका घराला जमत नाही ते वस्तीने करावे. भीमराव संध्याकाळी चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तिथेच केळुसकर गुरुजींची नजर त्यांच्यावर पडली आणि मॅट्रिकनंतरच्या सत्कारात याच गुरुजींनी त्यांना आपले बुद्धचरित्र भेट दिले. म्हणजे डबक चाळीतल्या घराला बागेची आणि एका परक्या शिक्षकाची जोड होती. वरळीची अभ्यास गल्ली रस्त्याच्या दिव्यांखाली पिढ्यान्पिढ्या वाचत आली. आपल्या प्रत्येक बुद्धविहारात रात्री दहानंतर कुलूप लागते. ते कुलूप परीक्षेच्या दिवसांत तरी काढून तिथे सतरंजी आणि दिवा ठेवायला कोणाची परवानगी लागते?

आमच्या पुढच्या आत्मकथनकारांकडे माझी एक मागणी आहे. बापाच्या जिद्दीची, गुरुजींच्या मायेची प्रकरणे लिहा. पण त्याआधी घरातल्या त्या माणसाचे नाव लिहा ज्याचे शिक्षण तुमच्यासाठी थांबले. ती बहीण असेल, थोरला भाऊ असेल, आई असेल. शक्य असेल तर लिहिण्याआधी त्यांना वाचून दाखवा आणि त्या जिथे "थांब" म्हणतील तिथे थांबा.